वृक्षगणनेतील एक शब्द

नेव्हाडा, यूटा, कोलोरॅडो, ॲरिझोना व न्यू मेक्सिको ह्या अमेरिकी राज्यांत पिन्यॉन पाइन व ज्युनिपर ह्या ठेंगण्या वृक्षांची अरण्ये पसरलेली आहेत. त्यांच्या सर्वेक्षणांत घनता व उत्पादकता ह्या दोन राशी प्रमुख असतात. पैकी घनता मोजणे कष्टाचे असले तरी शक्य असते. ज्युनिपरला तळापासूनच अनेक खोडे फुटत असल्यामुळे छातीच्या उंचीवर व्यास घेण्याची वनशास्त्रीय रूढी येथे निरुपयोगी ठरते. तो जमिनीलगत घ्यावा लागतो, आणि एक झाड कोठे संपते हे आधी ठरवावे लागते. ('एक शब्द' कशास म्हणावे ह्या प्रश्नाशी झगडलेल्या भाषाभ्यासकास ह्याचे नवल वाटणार नाही.)

उत्पादकतेची गोष्ट निराळी. गवत कापून, वाळवून, तोलून जो आकडा मिळतो तो मुख्यतः गुरांच्या चाऱ्याचा असतो. वृक्ष दाटले की तो घटतो, हे खरे. परंतु तेवढ्यावरून भूमीची उत्पादकताच घटली असे लिहिणे म्हणजे विशेषार्थी शब्द सामान्यार्थाने योजणे होय. शोशोनी व पायूट लोकांनी पिन्यॉनच्या ज्या बियांवर पिढ्यान्‌पिढ्या हिवाळा काढला, त्यांना ह्या तोलात जागा नाही.

ह्याच हिशेबातून 'अतिक्रमण' ही संज्ञा रूढ झाली. मराठीत गायरानावरील अतिक्रमण म्हटले की गायरान कोणाचे हे आधीच ठरलेले असते. तेथेही तसेच घडले. मूळच्याच वृक्षांना घुसखोर ठरविल्यावर १९५० व १९६० च्या दशकांत दोन ट्रॅक्टरांमध्ये जहाजाच्या नांगराची साखळी ओढून विस्तीर्ण क्षेत्रांवरील झाडे उपटण्यात आली.

संज्ञा सर्वस्वी निराधार होती असे मात्र नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सेजब्रशच्या झुडुपी माळांवर हे वृक्ष अनेक ठिकाणी खरोखरीच पसरले आहेत. दोष आहे तो सरसकटीकरणाचा. विल्यम रॉम व त्यांचे सहकारी ह्यांनी २००९ साली ह्या वनस्पतिसमूहाचे चिरस्थायी अरण्य, सव्हाना आणि वृक्षयुक्त झुडुपी प्रदेश असे तीन प्रकार वेगळे केले. पहिल्यातील दाटी शतकांपूर्वीची असू शकते, तिसऱ्यातील कालपरवाची. हेक्टरी झाडांचा आकडा मात्र दोन्हीकडे सारखाच येऊ शकेल. खोडातील वलये मोजून काढलेल्या वयाचा रकाना घनतेच्या शेजारी नसेल, तर त्या तक्त्यावर 'अतिक्रमण' हे शीर्षक लिहिण्याचा अधिकार सर्वेक्षकास पोहोचत नाही.