वंशाचा दाखला आणि माणूसपणाचा हक्क

आंध्र प्रदेशातील गुंटूर जिल्ह्यात चेब्रोलूजवळ कोत्तारेड्डीपालेम नावाचे गाव आहे. तेथील काही मादिगा कुटुंबे शुक्रवारी दिवस मावळला की शब्बाथचे दिवे लावतात, हिब्रू प्रार्थना म्हणतात आणि आपण प्राचीन इस्राएलच्या इफ्राईम कुळाचे वंशज आहोत असे ठामपणे सांगतात. स्वतःला ते ‘बेने इफ्राईम’, म्हणजे इफ्राईमची लेकरे, म्हणवतात. मादिगा म्हणजे चामडे कमावणारी, डप्पू वाजवणारी, गावकुसाबाहेर ठेवलेली जात. शम्युएल आणि सादोक याकोबी या दोघा भावांच्या पुढाकाराने १९८० च्या दशकात ही माणसे आपला ज्यू धर्म उघडपणे पाळू लागली. पुढे त्यांनी गावात छोटे प्रार्थनामंदिरही उभारले. हा विश्वास आजही टिकून आहे.

दावा थोडक्यात असा. ख्रिस्तपूर्व ७२२ च्या सुमारास अश्शूरच्या राजाने उत्तरेकडील इस्राएलचे राज्य बुडवले आणि तेथील लोकांना हद्दपार केले. ती कुळे पुढे इतिहासाच्या नजरेआड झाली आणि ‘हरवलेली दहा कुळे’ ही कल्पना मागे उरली. त्यांपैकी इफ्राईमचे कूळ फिरत फिरत भारतात आले, दक्षिणेत उतरले, ब्राह्मणी व्यवस्थेला शरण गेले नाही, म्हणून अस्पृश्य ठरवले गेले. आमचे गोमांस खाणे आणि मृतांना पुरणे या त्याच जुन्या धर्माच्या खुणा आहेत, असे ते म्हणतात.

आपल्या चळवळीतल्या कार्यकर्त्याला ही मांडणी ऐकताना काहीतरी ओळखीचे वाटेल, आणि ते वाटलेच पाहिजे. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यांच्या मूळासंबंधीच्या ग्रंथात बाबासाहेबांनीही गोमांस आणि ब्राह्मणी धर्माला दिलेला नकार यांतूनच अस्पृश्यतेचा उगम शोधला होता. ज्या घासासाठी आम्हांला हिणवले गेले तो घासच आमच्या स्वाभिमानाची साक्ष आहे, अशी ही उलटवणूक. म्हणून बेने इफ्राईमांच्या दाव्याची समीक्षा करणे म्हणजे दूरच्या कुणा विचित्र पंथाची गंमत पाहणे नव्हे. ती आपल्या स्वतःच्या विचारपद्धतीचीही तपासणी आहे.

या दाव्याला हसणारे पुष्कळ आहेत. गरिबांनी परदेशी जाण्यासाठी रचलेली युक्ती, एवढ्यावर ते प्रकरण मिटवतात. या हसण्यात बुद्धीपेक्षा जातीचा माज अधिक आहे. कारण वंशकथा रचण्याचा मक्ता मादिगांनी घेतलेला नाही. सूर्यवंश, चंद्रवंश, अग्निकुल यांच्या कथा सांगून राज्ये चालली. गोत्राच्या आधारे ऋषीपर्यंत नाते पोचवणाऱ्याकडे पुरावा मागण्याची कुणाची छाती झाली नाही. पुरावा मागितला जातो तो फक्त ज्याच्याकडे जमीन नाही त्याच्याकडे.

याहून बोलके उदाहरण इंग्लंडचे आहे. १८४० साली जॉन विल्सन याने इंग्रज लोक हे इस्राएलच्या हरवलेल्या कुळांचे वंशज होत असे पुस्तक लिहून सांगितले. या मताचा पंथ वाढला, १९१९ मध्ये त्याचा जागतिक महासंघ स्थापन झाला. या पंथाच्या हिशेबाने इंग्लंड म्हणजे इफ्राईम आणि अमेरिका म्हणजे त्याचा भाऊ मनश्शे! अर्ध्या जगावर राज्य करण्याचा हक्क देवानेच आपल्या पूर्वजांना दिला होता, असा त्याचा सोयीचा अर्थ. अमेरिकेत हर्बर्ट आर्मस्ट्राँग याने हेच मत पुस्तके व नभोवाणी यांतून लाखो लोकांपर्यंत नेले. १९८६ मध्ये तो वारल्यावर त्याच्या चर्चने १९९० च्या दशकात हे मत सोडून दिले, पण त्यातून फुटून निघालेले गट ते अजून धरून बसले आहेत. म्हणजे एकाच इफ्राईमवर दोघांचा दावा आहे: साम्राज्याचा मालक आणि चामडे कमावणारा मादिगा. मालकाला त्या नावातून सत्तेचे समर्थन हवे होते, मादिगाला माणूसपण हवे आहे. कथा तीच असली तरी दोघांची भूक एक नाही. ही भूक न पाहता केवळ कथेची सत्यासत्यता मोजणारा टीकाकार अर्धेच काम करतो.

ही भूक कुठून आली हे समजण्यासाठी त्या मुलखाचा इतिहास पाहिला पाहिजे. मादिगांना वंशकथा नव्हती असे नाही. पृथ्वीच्याही आधी जन्मलेल्या जांबवंताचे आपण वंशज, असे त्यांचे जांबपुराण सांगते. पण त्या पुराणाने त्यांना गावच्या विहिरीवर पाणी मिळवून दिले नाही. १८७६–७८ च्या दुष्काळानंतर ओंगोल भागात हजारो मादिगांनी बॅप्टिस्ट मिशनरी जॉन क्लाउ याच्याकडून ख्रिस्ती धर्म घेतला. ३ जुलै १८७८ या एकाच दिवशी २,२२२ जणांचा बाप्तिस्मा झाला. शाळा आली, अक्षर आले, बायबल आले आणि त्या बायबलात गुलामीतून सुटलेल्या एका लोकसमूहाची कहाणी आली. १९१७ साली विजयवाड्याच्या परिषदेत भाग्यरेड्डी वर्मा यांच्या नेतृत्वाखाली तेलुगू अस्पृश्यांनी ‘आदि-आंध्र’ हे नाव उचलले, म्हणजे आम्ही इथले पहिले, तुम्ही मागाहून आलात. नावे बदलली, धर्म बदलले, पण गावाची वेस बदलली नाही. १७ जुलै १९८५ रोजी प्रकाशम जिल्ह्यात कारमचेडू येथे वरच्या शेतकरी जातीच्या जमावाने सहा मादिगांना ठार मारले. ६ ऑगस्ट १९९१ रोजी गुंटूर जिल्ह्यातच चुंदूरू येथे आठ दलितांची हत्या झाली. मारणाऱ्यांनी कुणाचे पुराण विचारले नाही आणि बाप्तिस्माही विचारला नाही.

त्यात कायद्याची कोंडी आहेच. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचे संरक्षण हिंदूंपुरते ठेवले. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना ते मिळाले. ख्रिस्ती आणि ज्यू दलित आजही त्याबाहेर आहेत. मादिगाने ‘मी ज्यू आहे’ असे कागदावर लिहिले की तो कायद्याच्या दृष्टीने दलित उरत नाही. गावाच्या दृष्टीने मात्र उरतोच.

युलिया एगोरोवा आणि शाहिद परवेझ यांनी या समूहात जाऊन केलेला अभ्यास २०१३ साली ग्रंथरूपाने आला. बेने इफ्राईम ‘खरे’ ज्यू आहेत का, हा प्रश्न त्यांनी मुद्दाम बाजूला ठेवला आणि या चळवळीचा संबंध दलितांच्या आत्मसन्मानाच्या लढ्याशी जोडला. हे योग्यच झाले. परंतु अभ्यासकाला जेथे थांबता येते तेथे कार्यकर्त्याला थांबता येत नाही. त्याला पुढचा प्रश्न विचारावा लागतो: या वाटेने गेल्यावर मुक्ती मिळते काय?

उत्तरासाठी फार लांब जायला नको. आपल्या कोकणात बेने इस्राएल समाज शतकानुशतके राहिला. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, ही त्यांची मूळकथा. तेलाचा घाणा चालवायचा आणि शनिवारी तो बंद ठेवायचा, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. भाषा मराठी, आडनावे गावांवरून पडलेली, पोशाख इथलाच. १७९६ मध्ये मुंबईत त्यांनी पहिले सिनेगॉग बांधले. या समाजाविषयी आपल्याला आपुलकी आहे. पण याच समाजात ‘गोरा इस्राएल’ आणि ‘काळा इस्राएल’ असे दोन थर होते. बिगर-ज्यू स्त्रियांच्या पोटी झालेली संतती ती काळी. काळ्यांशी गोऱ्यांचा रोटीबेटी व्यवहार नसे. वंशाची शुद्धता हे प्रतिष्ठेचे माप मानले की ते माप घेऊन घरातलाच कुणीतरी अशुद्ध शोधावा लागतो. जातीने त्यांना हे शिकवले म्हणावे, तर वंशाच्या विचाराने ते शिकणे सोपे केले असेही म्हणावे लागेल.

पुढे हे लोक इस्राएलला गेले. ज्या पूर्वजांच्या नावाने ते जगले त्या पूर्वजांच्या भूमीत पोचल्यावर १९६२ मध्ये तेथील मुख्य धर्मपीठाने फर्मान काढले की, बेने इस्राएल व्यक्तीचे लग्न लावण्यापूर्वी तिच्या मागच्या पिढ्यांची चौकशी करावी. ज्यूपणाविषयीच शंका! हे लोक जेरुसलेममध्ये धरणे धरून बसले, तेव्हा कुठे ऑगस्ट १९६४ मध्ये तेथील संसदेने ते सर्व बाबतीत ज्यू आहेत असे जाहीर केले. येथे ध्यानात घ्यायची गोष्ट ही की, त्यांना न्याय वंशाने दिला नाही, संघर्षाने दिला. २०१६ साली जनुकांच्या अभ्यासातून त्यांच्यात ज्यू आणि भारतीय अशा दोन्ही वंशांचा मोठा अंश असल्याचे दिसून आले. म्हणजे गोरा-काळा हा भेद रक्तालाही ठाऊक नव्हता.

मणिपूर-मिझोरममधील बेने मनश्शे यांचीही गोष्ट अशीच. २००५ मध्ये इस्राएलच्या एका मुख्य रब्बींनी त्यांना ‘इस्राएलचे बीज’ मानले, तरी रीतसर धर्मांतराची अट सुटली नाही. त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना जॉर्डन नदीच्या पश्चिम तीरावरील आणि पूर्वी गाझातील वसाहतींत बसवण्यात आले, म्हणजे पॅलेस्टिनी माणसांच्या बळकावलेल्या जमिनीवर. एका ठिकाणचा उपेक्षित दुसऱ्या ठिकाणी पहारेकरी होतो, हा या वाटेवरचा सगळ्यांत मोठा धोका होय. बेने इफ्राईमांच्या वाट्याला तर तेवढी मान्यताही आलेली नाही. गावात पाटलाची मर्जी, तिकडे धर्मपीठाची मर्जी. दाखला देणारा हात बदलला, हात पसरणारा तोच राहिला.

आपणही या मोहातून गेलो आहोत, हे कबूल केले पाहिजे. १८९० च्या दशकात सैन्यभरती बंद झाली तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांसारख्या लढाऊ माणसानेही, महार हे मूळचे क्षत्रिय होत, असा युक्तिवाद अर्जात केला. त्या काळी सरकारदरबारी तीच भाषा चालत होती, म्हणून ते समजण्यासारखे आहे. नागपूरची निवड का केली हे सांगताना १९५६ मध्ये बाबासाहेबांनीही नाग लोकांची आठवण काढली. मग फरक कुठे आहे? फरक असा की बाबासाहेबांनी आपल्याला इतिहास दिला, वंश दिला नाही. अस्पृश्य आणि ब्राह्मण हे निराळ्या वंशांचे नाहीत, हे त्यांनी १९४८ च्या त्याच ग्रंथात शरीरमापनाच्या आकड्यांनिशी मांडले. त्यांच्या सिद्धान्तातले अस्पृश्य हे परागंदा टोळ्यांतली विखुरलेली माणसे आहेत, कुणा देवाने निवडलेले कूळ नव्हे. आणि ती मांडणी त्यांनी श्रद्धेसाठी नव्हे, तपासण्यासाठी ठेवली. दीक्षाभूमीवर धम्म घेताना कुणी कुणाच्या आजोबांची चौकशी केली नाही. बावीस प्रतिज्ञांत तर श्राद्ध आणि पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे.

कुणी म्हणेल, जातीच्या दाखल्यासाठी तुम्हीही १९५० पूर्वीचे कागद शोधत फिरता, तो वंशच नव्हे काय? नव्हे. तो अन्यायाचा पंचनामा आहे. आपल्यावर काय झाले याची ती नोंद आहे, आपण किती थोर होतो याची नाही. या दोन दाखल्यांत गल्लत करता कामा नये.

आता बेने इफ्राईमांच्या बांधवांना सांगण्यासारखे काय आहे? त्यांच्याच ग्रंथातली गोष्ट. इफ्राईमची आई आसनथ ही मिसरी होती, तेथील एका पुरोहिताची मुलगी. म्हणजे ज्या कुळाची शुद्धता सिद्ध करायची ते कूळ पहिल्याच पिढीत मिसळलेले आहे. मिसर देशातून गुलाम बाहेर पडले तेव्हाही त्यांच्याबरोबर नाना जातींचे लोक निघाले, असे तोच ग्रंथ सांगतो. वेठीतून निघताना कुणी कुणाला कूळ विचारले नव्हते. त्या कहाणीवर मादिगाचा हक्क आहेच, आणि तो इफ्राईमच्या रक्तामुळे नाही. तो आहे कारण मादिगाच्या पाठीवरही तोच फटका बसला आहे. अमेरिकेतल्या काळ्या गुलामांनी तीच कहाणी आपली म्हणून गायिली, आणि त्यासाठी त्यांना कुणाच्या परवानगीची गरज पडली नाही.

कोत्तारेड्डीपालेमच्या शब्बाथच्या दिव्याला आपला विरोध असण्याचे कारण नाही. धर्म निवडण्याचा हक्क हा माणसाचा हक्क आहे आणि दलिताला तो अधिकच प्रिय असला पाहिजे. विरोध आहे तो त्या दिव्याच्या उजेडात पूर्वजांचा दाखला शोधण्याला. जन्माने माणूस मोठा ठरतो हे एकदा मान्य केले, की जन्माने तो हलका ठरतो हेही मान्य करावे लागते. मनूचा सगळा डोलारा याच एका मान्यतेवर उभा आहे. तो पाडायचा तर ‘तुझे पूर्वज कोण?’ या प्रश्नाला अधिक चांगले उत्तर शोधून भागणार नाही. तो प्रश्न विचारण्याचा अधिकारच नाकारावा लागेल.