राधेचे प्रकरण

भोपाळच्या रायसेन रस्त्यावरील आनंद नगरात आमच्या ओळखीच्या एका मराठी जोडप्याने अकरा महिन्यांची मुलगी दत्तक घेतली. दोघेही नोकरी करणारे. आईची रजा संपत आली तेव्हा नागपूरहून आजी आल्या, आणि त्या परतल्यावर जबलपूरची आत्या. बारशाला जमलेल्यांपैकी एकीने सवयीने विचारले, "बाळ कोणावर गेलंय?" आजी म्हणाल्या, "जाईल कशाला कोणावर? आत्ताच तर आलंय आमच्याकडे."

त्या उत्तराने आम्हांला आमच्या वाचनाकडे पुन्हा पाहावयास लावले. दत्तक मूल, त्याचे नोकरदार आईबाप आणि त्यांच्या मदतीला धावणारे गणगोत हे चित्र आज घरोघर दिसू लागले आहे. मग आपल्या साहित्यात ते कोठे आहे? मराठीत सांभाळलेल्या मुलांची कथा थोडी नाही. पण ती बहुतेक वेळा जन्मरहस्याची कथा असते. मूल कोणाचे, हे कळण्याच्या क्षणाभोवती ती फिरते. ते वाढवले कसे, हा प्रश्न तिला फारसा पडत नाही.

सर्वांत ठळक उदाहरण कर्णाचेच घ्यावे लागते. शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय' (१९६७) या कादंबरीची रचना निवेदकांच्या पालटावर उभी आहे. स्वतः कर्णाबरोबर कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण यांना आपापली बाजू मांडण्याची संधी तेथे मिळते. ज्या आईने मूल नदीत सोडले तिला प्रकरण आहे; ज्या धाकट्या भावाबरोबर ते वाढले त्यालाही आहे. जिने ते वाढवले त्या राधेला मात्र नाही. रणजित देसाई यांनी १९७३ साली आपल्या कादंबरीला 'राधेय' हे नाव दिले, तेव्हा त्या मातेचा मान मुखपृष्ठापर्यंत पोहोचला. परंतु तेथेही राधेचे नाव हे नायकाचे विशेषण म्हणूनच येते.

यावर कोणी म्हणेल की, सावंतांचा विषय कर्णाची उपेक्षा हा आहे. राधेचा संसार मागणे म्हणजे लेखकाने न लिहिलेली कादंबरी मागणे होय. हा आक्षेप आम्हांला मान्य आहे. एका कादंबरीवर आमचा दोषारोप नाही. पण उपेक्षेचे दुःख ज्या घरात रोज निवत असेल, ते घर आतून पाहण्याची गरज एवढ्या मोठ्या वाचकवर्गालाही भासली नाही, याची नोंद समीक्षेने करावयास हवी.

कारण मूळ महाभारताला ती भासली होती. उद्योगपर्वात श्रीकृष्ण कर्णाला राज्याचे आमिष दाखवतो, तेव्हा कर्ण उत्तरादाखल सांगतो ते अगदी घरगुती तपशील आहेत. आपल्याला पाहताच स्नेहाने राधेला पान्हा फुटला, तिने आपले मलमूत्र काढले. अधिरथाने जातकर्म करविले, नाव ठेवविले, पुढे लग्ने लावून दिली. राज्यापुढे तो जे ठेवतो ते हे कष्ट आहेत. मातृत्वाची व्याख्या रक्ताने न करता रोजच्या कामाने करणारा इतका रोखठोक उतारा आमच्या पाहण्यात दुसरा नाही. आधुनिक मराठी कर्णकथेने त्यातील निष्ठा उचलली आणि काम मागे ठेवले.

असे का झाले असावे? 'दत्तक' या शब्दाचा आपल्याकडील इतिहास गादीचा आहे. भोपाळपासून फार दूर नसलेल्या झाशीत १८५३ मध्ये दामोदररावाचे दत्तकविधान झाले. १८७५ मध्ये बडोद्यात सयाजीराव आणि १८८४ मध्ये कोल्हापुरात शाहू महाराज दत्तक आले. या साऱ्या प्रसंगांत प्रश्न वारसाचा होता. परंपरेने दत्तक घ्यावयाचा तो मुलगाच. हिंदू दत्तक कायद्याने मुलीला ती वाट १९५६ मध्ये मोकळी केली. वारस निवडण्याला प्रसंग लागतो, मूल वाढवण्याला वर्षे लागतात. आणि आपल्या गद्याला प्रसंगाची ओढ अधिक.

याच शतकात पुण्यात एक वेगळे दत्तक घडत होते. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी काशीबाई या विधवेच्या मुलाला, यशवंताला, आपलेसे केले. दोघेही सार्वजनिक कामात बुडालेले. येथे गणगोताची मदत सोडाच, विरोधच वाट्याला आला. १८९० मध्ये जोतीरावांच्या अंत्ययात्रेत यशवंताच्या अधिकारावरून भाऊबंदांनी वाद काढला, तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे धरले, हा प्रसंग सर्वश्रुत आहे. यशवंत डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात त्याच्या दवाखान्यात रुग्णसेवा करतानाच सावित्रीबाईंना मृत्यू आला. चरित्रकार टिटव्याच्या प्रसंगावर थांबतात, ते योग्यच आहे. परंतु त्या घरात तापलेल्या मुलाजवळ रात्री कोण जागले, शाळेच्या वेळी त्याला कोणी पाहिले, याविषयी आपल्याला कुतूहलही वाटू नये?

कायद्याची भाषाही अशीच अपुरी पडली. २०१७ च्या दुरुस्तीने दत्तक घेणाऱ्या आईला बारा आठवड्यांची रजा दिली, पण मूल तीन महिन्यांहून लहान असावे अशी अट घातली. सोडून दिलेले मूल दत्तकासाठी मोकळे ठरवण्यातच महिने जातात. त्यामुळे आनंद नगरातल्या त्या अकरा महिन्यांच्या मुलीसारखी मुले या तरतुदीबाहेर राहिली, आणि ती अट पुढे सर्वोच्च न्यायालयात आव्हानाचा विषय झाली. रुळण्याचा काळ जन्मतारखेपासून मोजायचा की घरी आल्याच्या दिवसापासून, हा येथील खरा प्रश्न.

रजा संपते तेथे आजी येते. 'माय मरो पण मावशी जगो' म्हणणाऱ्या भाषेला ही व्यवस्था ठाऊक आहे. पण तिचा गौरव करताना आम्हांला सावध राहावेसे वाटते. एकत्र कुटुंबाची थोरवी गाणाऱ्या लेखनात आजीची कंबर दुखत नाही, आत्याचे स्वतःचे घर अडून राहत नाही. राधेचे काम जसे कर्णाच्या तेजात दिसेनासे झाले, तसेच या बायकांचे काम 'आपली माणसं' या दोन शब्दांत विरून जाते. त्या जोडप्याने हे ओळखले होते, म्हणून मुलीचे बाबा रात्रीची पाळी स्वतःकडे घेत आणि आजींना दुपारची झोप मिळेल असे पाहत.

राधेचे प्रकरण कोणी लिहिलेच, तर त्यात सूतपुत्र म्हणून झालेली अवहेलना एखाद्या परिच्छेदात येईल. बाकी पाने दुपट्यांची, तापाची, अंगाईची, आणि कामावरून उशिरा परतणाऱ्या अधिरथाची वाट पाहण्याची असतील. ते वाचनीय होणार नाही, असे मानण्याचे कारण आम्हांला दिसत नाही.