पांढऱ्या पिझ्झ्याची परीक्षा

न्यूयॉर्कात पिझ्झ्याला तोटा नाही. टोमॅटोवाचूनचा चांगला पिझ्झा मात्र हुडकावा लागतो. तांबडा सॉस पुष्कळांची अब्रू झाकतो. त्याचा आंबटपणा गेला, की पिठाचे आंबणे, भट्टीची धग आणि चीजचा कस सारेच उघडे पडते. बहुतेक ठिकाणी रिकोटाचे गोळे पाणी सोडतात, खालची पोळी भिजते, आणि वर लसणाचा भडिमार! याला मी पिझ्झा म्हणणार नाही. रोमचे पाववाले शहाणे. त्यांच्या ‘पिझ्झा बिआंका’वर चीजसुद्धा नसते; ऑलिव्हचे तेल, मीठ, बस्स! जिम लेही यांनी १९९४ साली सुलिव्हन स्ट्रीट बेकरी काढून ही रोमन रीत मॅनहॅटनमध्ये आणली. वरून कुरकुरीत, आत जाळीदार. आणि जाळी कशी पारखावी, हे अनारसे तळणाऱ्यांना मी काय सांगावे!