सावित्री ते वाशिष्ठी : एका तुटक रस्त्याचं रसग्रहण

मुंबई-गोवा महामार्ग समुद्रापासून बराच आतून जातो, याबद्दल सायकलवाल्यांनी त्याचे आभारच मानायला हवेत. कंटेनर, ट्रक, रात्रीच्या आरामगाड्या सगळ्या तिकडे महाड-पोलादपूर-खेडच्या अंगाला. इकडे किनाऱ्यालगत बागमांडल्यापासून दाभोळपर्यंतच्या रस्त्यावर सकाळच्या वेळी एखादी एसटी, शाळेची पोरं आणि मासळीच्या पाट्या घेऊन निघालेल्या बायका, एवढीच वर्दळ. अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. उत्तरेला सावित्रीची खाडी, दक्षिणेला वाशिष्ठीची, मध्ये भारजा आणि जोग. चार नद्यांची मुखं आणि त्यांच्यामधले चढउतार असा हा सगळा मजकूर आहे.

त्याला सागरी महामार्ग म्हणतात. रेवसपासून रेडीपर्यंत किनाऱ्याने सलग रस्ता न्यायचा, ही कल्पना बॅरिस्टर अंतुले यांच्या काळापासूनची. तो सलग मात्र झाला नाही. खाडी आली की रस्ता थांबतो, पलीकडे पुन्हा सुरू होतो. माझ्या मते याची सगळी गोडी या थांबण्यात आहे. वृत्तात यतीला जे काम असतं, तेच इथं खाडीला आहे.

पुण्याहून तिथं पोचणं हा वेगळा विषय आहे, तो लवकर आटोपतो. ताम्हिणी उतरून माणगाव, तिथून म्हसळा, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. बरेच जण सायकली गाडीवर बांधून नेतात. त्यात कमीपणा मानायचं कारण नाही.

पहिली यती बागमांडल्याला. पलीकडे वेश्वी. मध्ये जंगलजेटी चालते, म्हणजे गाड्या पोटात घेणारी सपाट तळाची फेरीबोट. दहा-पंधरा मिनिटांचं पाणी. महाबळेश्वरच्या कड्यावरून निघालेली सावित्री इथं समुद्राला मिळते. तिच्या उगमाजवळच्या ऑर्थर सीटला ज्या मॅलेटसाहेबाचं नाव आहे, त्याची बायको आणि तान्ही मुलगी याच नदीच्या मुखाशी होडी उलटून बुडाल्या असं सांगतात. कोकणातल्या नद्या आखूड. सह्याद्रीवरून उड्या टाकत आल्या की सपाटीवर त्यांना फारसा वाव मिळत नाही, आणि उरलेल्या वाटेवर समुद्रच उलटा आत शिरतो. सावित्रीत भरतीचं पाणी थेट महाडच्या अंगापर्यंत चढतं. पूर्वी गलबतं त्याच पाण्यावर आत जात. आजही पावसाचा पूर आणि उधाणाची भरती एका वेळी आली की महाडकरांचे हाल होतात.

पुणेकराने या पाण्याकडे जरा आदराने बघावं. उत्तरेला श्रीवर्धन, भटांचं. दक्षिणेला वेळास, भानूंचं. सिद्दीच्या जाचाने बाळाजी विश्वनाथ श्रीवर्धन सोडून निघाले, ते ही खाडी ओलांडून वेळासला भानूंकडे आले, अशी हकिकत आहे. त्याच भानूंच्या घराण्यात पुढे नाना फडणवीस झाले. शनिवारवाड्याची गोष्ट एका तरीवर सुरू झाली म्हणायला हरकत नाही. आता वेळासला लोक जातात ते कासवांची पिल्लं समुद्रात जाताना बघायला, आणि तेही चांगलंच आहे.

वेश्वीनंतरचा भाग हा या रस्त्याचा सर्वांत सुंदर भाग, आणि गंमत म्हणजे तो निव्वळ गैरसोयीतून जन्मला आहे. साखरीच्या काठावर उभं राहिलं की भारजेच्या मुखापलीकडे केळशी दिसते. माडांचे शेंडे मोजता येतील इतकी जवळ. रस्ता मात्र तिथं जात नाही. तो पाठ फिरवून नदीच्या काठाने आत, मांदिवलीच्या पुलापर्यंत जातो, पलीकडे उतरतो आणि दुसऱ्या काठाने परत समुद्राकडे येतो. मोटारवाला इथं वैतागतो. सायकलवाल्याला खाडी कळते ती याच वळशात.

कारण या वळशात खाडी टप्प्याटप्प्याने बदलते. मुखाजवळ वाळूचा दांडा, होड्या, वाळत घातलेली जाळी. जरा आत गेलं की चिपी आणि तिवरांची दाटी, चिखलातून वर आलेली त्यांची श्वासमुळं. पांढऱ्या चिपीला २०२० साली महाराष्ट्राने राज्य कांदळवृक्षाचा मान दिला. झाडाला त्याचा पत्ता नाही, ते आपलं खाऱ्या चिखलात उभं. आणखी आत खाजणं : बांध घालून समुद्राकडून मागून घेतलेली भातजमीन. बांधात उघाडी बसवलेली असते. ओहोटीला आतलं पाणी तिच्यातून बाहेर पडतं, भरतीला बाहेरचं खारं पाणी तिला लोटून बंद करतं. बांध फुटला आणि दुरुस्त झाला नाही, की दोन-चार वर्षांत तिथं तिवर उगवतात. असे सोडून दिलेले तुकडे रस्त्यावरून ओळखू येतात. त्यांच्यामागे बहुतेक वेळा मुंबईला गेलेलं एखादं घर असतं. पुढे पुलाशी पाणी गोडसर, काठ मातीचे, खंड्या तारेवर. आणि मग परतीच्या काठावर हेच सगळं उलट्या क्रमाने, थोडं वेगळ्या उजेडात. वाहतूक इतकी कमी की साखळीचा आवाज ऐकू येतो आणि तेल घालायचं राहिलंय हे लक्षात येतं.

खाडी भरलेली बघायची की उघडी, हे आधी ठरवता येतं. किनाऱ्यावरचा हिशोब सोपा आहे : तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला दुपारी बाराच्या सुमारास पाणी तुडुंब असतं, म्हणजे सकाळी सहाला चिखलच चिखल. सूर्य उगवताना भरलेली खाडी हवी असेल तर अष्टमी गाठावी. फक्त ती भांगाची भरती, उधाणासारखी उंच नव्हे. चिखलाचं एवढं वाईट वाटून घेऊ नये. ओहोटीला बगळे आणि तिसऱ्या काढणाऱ्या बायका दोघंही त्यात उतरतात, आणि त्या वेळची खाडी जास्त बोलकी असते.

केळशीला खाडीच्या तोंडाशी वाळूची एक मोठी टेकडी आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या अशोक मराठे यांनी तिचे थर अभ्यासले आणि जुन्या त्सुनामीशी त्यांचा संबंध जोडला. सगळ्या अभ्यासकांना तो निष्कर्ष पटलेला नाही. तिथून आडे, पाडले, आंजर्ले या भागात रस्ता कधी अगदी लाटांच्या पातळीवर येतो, कधी घाटी चढून जांभ्याच्या सड्यावर जातो. चढ शंभर-दीडशे मीटरचेच, पण एकामागून एक. वर मोकळं माळरान, सुकलेलं गवत, दूर निळी रेघ. उतरताना गार हवा, गडगे, पोफळीच्या वाड्या. सावली मात्र पूर्वीइतकी राहिलेली नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने इथले माड आणि पोफळी एका दिवसात झोपवल्या. पोफळ लावली की उत्पन्न यायला पुढची कितीतरी वर्षं जातात, त्यामुळे काही वाड्यांमध्ये अजून आभाळ जास्त दिसतं.

आंजर्ल्याला जोग नदीची खाडी. इथं पूर्वी होडीने पलीकडे जावं लागे. आता पूल आहे. पूल चांगला आहे, वरून पाजपंढरीच्या होड्यांचा देखावाही चांगला आहे. पण तो बघून होईपर्यंत आपण पलीकडे पोचलेलो असतो. रस्त्याची चाल इथं पहिल्यांदा सपाट होते. लगेच हर्णै, बंदरावरचा लिलाव, बर्फ, डिझेल, आरडाओरडा. मला हा गोंगाट आवडतो, शांततेचा एवढा मारा झाल्यावर तो हवाच असतो. मुरूडला महर्षी कर्व्यांचं घराणं. परीक्षेसाठी इथून साताऱ्याला ते पायी गेले, कुंभार्लीचा घाट चढून, आणि वय लहान दिसतं म्हणून त्यांना बसूच दिलं नाही. गिअरच्या सायकलीवर चढ अवघड म्हणणाऱ्याने हे आठवावं.

कर्दे आणि लाडघरचा पट्टा मला कच्चा वाटतो. रिसॉर्टच्या पाट्या, शनिवारी पुण्या-मुंबईच्या गाड्या, किनाऱ्यावर घोडागाडी. रस्ता तोच, पण इथं तो कुठंतरी पोचवण्याच्या घाईत आहे. मधल्या वारी गेलं तर बराच फरक पडतो. कोळथरे मागे टाकलं की पुन्हा सूर लागतो, आणि दाभोळच्या उतारावर वाशिष्ठी समोर पसरते.

दाभोळ एके काळी मोठं बंदर. रशियाचा अफनासी निकितिन पंधराव्या शतकात परतीच्या प्रवासाला इथूनच निघाला. धक्क्याजवळची आदिलशाही मशीद त्या वैभवाची साक्ष. एवढं भारी काम या लहानशा गावात कसं, हा प्रश्न पडतोच. पलीकडच्या काठावर वीजप्रकल्पाच्या चिमण्या, ज्यांनी नव्वदच्या दशकात महाराष्ट्राचं राजकारण ढवळलं. आणि मुखाशी अंजनवेलचा गोपाळगड. वेळासहून पुढे निघालेल्या बाळाजींना सिद्दीच्या माणसांनी पकडून अंजनवेललाच ठेवलं होतं असं सांगतात. दाभोळ-धोपावे फेरी २००३ पासून चालू आहे. तिच्यावाचून गुहागरला जायचं तर चिपळूणचा वळसा.

आता या खाड्यांवर पूल व्हायचे आहेत. रस्ते विकास महामंडळाच्या सागरी मार्गाच्या आराखड्यात बाणकोट (म्हणजे सावित्रीची खाडी), केळशी, दाभोळ, जयगड सगळे आहेत. बाणकोटला तर अर्धवट पुलाचे खांब कितीतरी वर्षं पाण्यात उभे राहिले. सायकलवाल्याने यावर हळहळणं सोपं आहे. आपण जिला यती म्हणतो, ती साखरीच्या माणसाला समोर दिसणाऱ्या गावी जायला पडणारा वळसा असते. रात्री बाळंतीण अडली की तोच वळसा जीवावर येतो. शेवटची जंगलजेटी सुटल्यावर काठावर राहिलेल्याला रसग्रहण सुचत नाही. पूल व्हावेत. मी हे मनापासून म्हणतो, आणि पूल झाल्यावर या रस्त्यावर ट्रक येतील हेही मला दिसतं. मांदिवलीचा वळसा तरीही राहील. त्यावरची मोटारींची शेवटची गर्दीही मग नव्या पुलावर जाईल, फक्त डांबर वेळेवर पडत राहायला हवं, आणि ज्या रस्त्यावर गाड्या कमी त्यावर ते पडत नाही हा आपल्याकडचा अनुभव आहे.

तोवर जायचं असेल तर उत्तरेकडून दक्षिणेकडे जावं. हिवाळ्यात दुपारनंतर वारा वायव्येकडून सुटतो, तो पाठीवर राहतो.