आधी नवी नोंद, मग जुनी खोडायची?

शाळेच्या हजेरीपटाचा डेटाबेस डोळ्यांसमोर आणा. एका तुकडीत एक हजेरी क्रमांक एकाच विद्यार्थ्याला, हा नियम त्यात घातलेला आहे. १२ क्रमांकाचा विद्यार्थी शाळा सोडून गेला आणि तोच क्रमांक नव्या मुलीला द्यायचा आहे. आज्ञावलीत आपण आधी ‘जुनी नोंद काढा’, मग ‘नवी घाला’ असे लिहितो. तरीही डेटाबेस तक्रार करतो : १२ क्रमांक आधीच दिलेला आहे! असे का व्हावे?

आज्ञावली आणि डेटाबेस यांच्यामध्ये एक दुभाषा बसलेला असतो. ऑब्जेक्ट-रिलेशनल मॅपिंग, थोडक्यात ओआरएम, हे त्याचे नाव. गॅव्हिन किंग यांनी २००१ साली सुरू केलेले ‘हायबरनेट’ हे अशांपैकी एक प्रसिद्ध साधन. ते आपल्या आज्ञा साठवते आणि स्वतःच्या क्रमाने पाठवते : साधारणपणे आधी नव्या नोंदी, मग दुरुस्त्या आणि खोडाखोड सर्वांत शेवटी.

हा क्रम लहरी नाही. ‘क’ तुकडी बंद करून मुले नव्या ‘ड’ तुकडीत हलवायची असतील, तर आधी ‘ड’ निर्माण करावी लागेल, मग मुले हलवावी लागतील, शेवटी ‘क’ काढता येईल. मात्र या कामाला सोयीचा क्रम १२ क्रमांकाच्या बाबतीत आडवा येतो. त्यावर उपाय आहे : जुनी नोंद काढल्याबरोबर, नवी घालण्यापूर्वी, साठलेल्या आज्ञा पाठवायला साधनाला भाग पाडायचे.

पण आता दोन मुलांचे १२ आणि १३ हे क्रमांक आपसांत बदलून पाहा. कोणतीही दुरुस्ती आधी केली, तरी क्षणभर एकच क्रमांक दोघांचा होतो. इथे कोणताच क्रम बरोबर नाही! नियम तपासायची वेळच बदलायला हवी. सर्व आज्ञा संपल्यावर तपासणी करण्याची तरतूद एसक्यूएलच्या १९९२ च्या मानकात आहे. पोस्टग्रेसने एकमेवतेच्या नियमासाठी ती २०१० मध्ये, ९.० या आवृत्तीत, दिली. मायएसक्यूएलमध्ये ती नाही. तिथे मधल्या वेळी तिसरा, रिकामा क्रमांक वापरावा लागतो.

माझा आक्षेप साधनाच्या क्रमाला नाही. ‘डेटाबेसचा विचार आमच्यावर सोपवा’ या आश्वासनाला आहे. क्रम बदलला, हे त्रुटीचा संदेश सांगत नाही आणि विद्यार्थी स्वतःच्या बिनचूक ओळींतच चूक शोधत बसतो. म्हणून साधन हाती देण्यापूर्वी तक्ते आणि त्यांचे नियम शिकवावेत. क्रमांकांची अदलाबदल फळ्यावर, एका वेळी एकच आकडा पुसून, जरूर करून घ्यावी.