सिंधुतीरींचा मनुष्य

आपल्याकडील इंग्रजी शिकलेल्या वाचकांस इटालियन कवि दान्ते याचें नांव बहुधा एकाच गोष्टीसाठीं ठाऊक असतें, आणि ती गोष्ट म्हणजे त्याचा नरक. त्याच्या 'डिव्हाइन कॉमेडी' या महाकाव्याचे एकंदर १०० सर्ग आहेत. त्यांतील ३४ नरकाचे, ३३ शुद्धिलोकाचे व ३३ स्वर्गाचे. जो वाचक भाषांतराच्या आधारानें या काव्यास हात घालतो, तो पहिले ३४ सर्ग मोठ्या आवडीनें वाचतो, शुद्धिलोकाच्या पर्वतावर दमतो, आणि स्वर्गाच्या दारापर्यंत क्वचितच पोंचतो. त्याचा ग्रह असा होतो कीं, दान्ते हा कवि थोर खरा, परंतु त्याचा देव निर्दय आहे. आमच्या मतें हा ग्रह अर्ध्या वाचनाचा परिणाम होय. अनंत शिक्षेच्या ख्रिस्ती मतावर जो सर्वांत कठीण आक्षेप घेतां येण्यासारखा आहे, तो दान्तेनें परधर्मीयाची वाट न पाहतां आपल्याच काव्यांत, आणि तोहि थेट स्वर्गांत, घेतला आहे. व त्या आक्षेपाचा साक्षीदार म्हणून त्यानें उभा केला आहे तो आपल्या बाजूचाच एक मनुष्य.

प्रथम मूळ मत काय आहे हें नीट पाहिलें पाहिजे. 'नरक' हा शब्द मराठी कानाला परका नाहीं, आणि घोटाळा होतो तो त्यामुळेंच. भागवताच्या पंचम स्कंधांत २८ नरक सांगितले आहेत. त्यांतील कुंभीपाकाचें उकळतें तेल आणि असिपत्रवनांतील तरवारीसारखीं पानें हीं भीषणतेंत कोणत्याहि ख्रिस्ती वर्णनापुढें हार जाणारीं नाहींत. भेद आहे तो काळाचा. पौराणिक नरकांतील भोग संपतो. पापाचें माप फिटलें कीं जीव बाहेर पडतो व पुनः जन्मास येतो. ख्रिस्ती नरकाला बाहेर पडण्याचें दारच नाहीं. मराठी बायबलांत 'नरक' हा आपलाच शब्द येतो खरा, पण शिक्षेपुढें 'सार्वकालिक' हें विशेषण येतें, आणि साऱ्या वादाचें मूळ त्या एका विशेषणांत आहे. मात्र हा भेद सांगतांना आपल्याकडील कांहीं मंडळी जो विजयाचा सूर काढतात तो आम्हांस पसंत नाहीं. तेराव्या शतकांत मध्वाचार्यांनींहि कांहीं जीव स्वभावतःच तमोयोग्य मानले व त्यांस अंधतमसांत कायमचें ठेविलें. न्यायी आणि दयाळु ईश्वर मानणाऱ्या कोणासहि हा प्रश्न चुकत नाहीं.

ख्रिस्ती परंपरेंतहि या मताला प्रथमपासून एकच रूप होतें असें नाहीं. येशूच्या तोंडीं येणारा 'गेहेन्ना' हा शब्द मूळचा यरुशलेमच्या दक्षिणेकडील हिन्नोमच्या खोऱ्याचा. मोलेख दैवतासाठीं तेथें पोटचीं मुलें जाळीत, म्हणून जुन्या करारांत त्या जागेची निंदा आहे. तिसऱ्या शतकांत ओरिजेन या विद्वानानें अशी आशा प्रकट केली कीं, शिक्षा ही शुद्धीसाठीं असून शेवटीं सर्व जीव देवाकडे परततील. पुढें चर्चनें हें मत त्याज्य ठरविलें, व त्याचा निषेध इ. स. ५५३ च्या कॉन्स्टँटिनोपल येथील परिषदेशीं जोडला जातो. त्याआधींच ऑगस्टीननें (३५४–४३०) आपल्या 'देवाचें नगर' या ग्रंथाच्या २१ व्या भागांत उलट पक्ष बळकट केला होता. त्याचा मुद्दा साधा पण पकडींत धरणारा आहे: मत्तयाच्या शुभवर्तमानांत पुण्यवंतांचें जीवन आणि पाप्यांची शिक्षा या दोहोंस एकाच वाक्यांत एकच विशेषण लावलें आहे, शिक्षेला अंत मानाल तर जीवनालाहि मानावा लागेल. तेराव्या शतकांत थॉमस अक्वायनस यानें अशी उपपत्ति दिली कीं, ज्याच्याविरुद्ध पाप घडलें तो देव अनंत, म्हणून पापहि त्या अर्थानें अनंत, आणि शिक्षाहि तशीच. दान्तेचा (१२६५–१३२१) जन्म झाला तेव्हां ही इमारत जवळजवळ पुरी झालेली होती. त्यानें ती मान्य केली व तिच्यांत तो राहिला.

ती त्यानें किती मनापासून मान्य केली याची साक्ष नरकाच्या दारावरील लेखच देतो. हें द्वार न्यायानें घडविलें इतकेंच तो लेख सांगत नाहीं. तें आद्य प्रेमानेंहि घडविलें आहे असें तो सांगतो. आंत जातांच मात्र या प्रेमाची आणि वाचकाच्या करुणेची झटापट सुरू होते. पांचव्या सर्गांत फ्रान्चेस्का आपली कहाणी सांगते आणि दान्ते मूर्च्छित होऊन पडतो. विसाव्या सर्गांत ज्योतिषी व दैवज्ञ यांचीं मागें वळवलेलीं तोंडें पाहून तो रडूं लागतो, तेव्हां त्याचा वाटाड्या व्हर्जिल त्याला झिडकारतो: येथें करुणा मेली तरच धर्म जिवंत राहतो, असा त्या झिडकारण्याचा भाव आहे. तळाशीं बर्फांत रुतलेल्या एका पाप्याचे गोठलेले डोळे उघडण्याचें वचन देऊन दान्ते तें मोडतो, आणि हें मोडणें म्हणजेच सौजन्य होय असें सांगतो. करुणेपासून कठोरतेपर्यंतचा हा प्रवास कवीनें जाणून रेखाटला आहे यांत शंका नाहीं. परंतु ज्या व्हर्जिलच्या तोंडीं त्यानें हा कठोर धडा घातला, तो व्हर्जिल कोण?

तो स्वतः नरकवासी आहे. चौथ्या सर्गांतील 'लिंबो' म्हणजे नरकाचें पहिलें वर्तुळ. तेथें आग नाहीं, यातना नाहींत. केवळ सुस्कारे आहेत. होमर तेथें आहे, ॲरिस्टॉटल आहे, सुलतान सलादीन आहे, इब्न सीना आणि इब्न रुश्द हे मुसलमान तत्त्वज्ञहि आहेत. त्यांचा अपराध कोणता? बाप्तिस्मा झाला नाहीं, एवढाच. आशा नाहीं आणि इच्छा सुटत नाहीं, ही त्यांची शिक्षा. त्या वर्तुळांत उतरतांना व्हर्जिलचा चेहरा पांढरा पडतो. दान्तेला वाटतें हा भ्याला, पण ती भीति नसून करुणा आहे असें व्हर्जिल सांगतो. इतर सर्व वर्तुळांत पापी आणि त्याचें पाप यांचा मेळ कवीनें अशा कौशल्यानें घातला आहे कीं, शिक्षा ही त्या पापाचेंच दृश्य रूप वाटावी. मेळ बसत नाहीं तो या एकाच ठिकाणीं, कारण येथें शिक्षेस जुळणारें पापच नाहीं. उग्र यातनांचीं पुढील वर्तुळें वाचून होतात, विसरूनहि जातात. हें यातनारहित वर्तुळ मात्र वाचकास सोडीत नाहीं. दान्तेसहि त्यानें सोडलें नाहीं.

काव्याचा बहुतेक भाग उलटल्यावर, स्वर्गाच्या १९ व्या सर्गांत, हा सल पुनः वर येतो. गुरुग्रहाच्या लोकांत न्यायी राजांच्या तेजोमय आत्म्यांचा मिळून एक प्रचंड गरुड झाला आहे. दान्ते आपला प्रश्न तोंडानें उच्चारीत नाहीं. त्याच्या मनांत पुष्कळ दिवस भूक होऊन राहिलेला प्रश्न गरुडच त्याला उच्चारून दाखवितो. सिंधु नदीच्या तीरीं एक मनुष्य जन्मास येतो. ख्रिस्ताविषयीं बोलणारा, शिकविणारा, लिहिणारा तेथें कोणी नाहीं. त्या मनुष्याच्या इच्छा व कृति, मानवी बुद्धीस दिसतें तेथवर, सर्व चांगल्या आहेत. वाणींत वा वर्तनांत पाप नाहीं. तो बाप्तिस्म्यावांचून, श्रद्धेवांचून मरतो. त्याला दोषी ठरविणारा न्याय कोठें आहे? त्यानें विश्वास ठेविला नाहीं, यांत त्याचा अपराध कोणता?

दान्तेच्या लेखीं सिंधु ही दूरच्या, अनोळखी पूर्वेची एक खूण होती. आम्हांस ती तशी नाहीं. दान्ते पंचविशींत असतांना, १२९० सालीं, नेवासें येथें ज्ञानेश्वरी पुरी झाली. आणि तिच्या अखेरच्या पसायदानांत दुष्टांस शिक्षा न मागतां त्यांची दुष्टबुद्धि तेवढी जावी असें मागितलें आहे. हें मागणारा तो तरुण फ्लॉरेन्सच्या कवीस ठाऊक असण्याचा संभव नव्हता. पण त्या कवीनें जी जागा मोकळी ठेवून प्रश्न विचारला, तींत बसणारा मनुष्य त्याच काळांत खरोखर हयात होता. म्हणून गरुडाचें उत्तर ऐकतांना आपण नुसते तटस्थ वाचक राहूं शकत नाहीं.

उत्तराचा आरंभ निराश करणारा आहे. वीतभर दृष्टि असलेला तूं हजार कोसांवरचा निवाडा करण्यास न्यायासनावर बसणारा कोण, असें गरुड विचारतो. ईयोबाच्या ग्रंथांत वावटळींतून बोलणारा देव साधारण असेंच उत्तर देतो. तेथें तें शोभतें, कारण ईयोब आपल्या दुःखाचें कारण विचारीत होता, येथें प्रश्न दुसऱ्यावरील अन्यायाचा आहे, आणि दुसऱ्यावरील अन्यायाविषयीं विचारणाऱ्यास "तूं कोण?" म्हणणें हें उत्तर नव्हे. दान्तेलाहि तें पुरलें नसावें, कारण गरुड तेथें थांबत नाहीं. ख्रिस्तावर विश्वास न ठेवितां येथवर कोणी चढला नाहीं, असें बजावून तो लगेच म्हणतो कीं, ख्रिस्ताच्या नांवाचा घोष करणारे पुष्कळजण निवाड्याच्या दिवशीं त्याला न ओळखणाऱ्यांपेक्षांहि त्याच्यापासून दूर असतील.

खरें उत्तर २० व्या सर्गांत आहे, आणि तें युक्तिवादानें न देतां एका पात्राच्या द्वारां दिलें आहे. गरुडाच्या भुंवईंत जे पांच आत्मे चमकतात, त्यांत दोघे मूर्तिपूजक निघतात: रोमचा सम्राट् त्राजान आणि त्रॉयचा रिफिअस. त्राजानविषयीं निदान एक जुनी आख्यायिका होती कीं, पोप ग्रेगरीच्या प्रार्थनेनें तो क्षणभर पुनः देहांत आला व श्रद्धा धरून मुक्त झाला. रिफिअससाठीं असा कांहींच आधार नव्हता. व्हर्जिलच्या 'ईनिड' काव्याच्या दुसऱ्या सर्गांत त्रॉयच्या पाडावांत पडलेला हा एक गौण योद्धा. त्रोजनांत तो सर्वांत न्यायी होता, पण देवांना तसें दिसलें नाहीं, इतकेंच व्हर्जिल खिन्नपणें सांगतो आणि पुढें जातो. दान्तेनें आपल्या गुरूचा तो निःश्वास तेराशें वर्षांनंतर उचलला आणि सांगितलें कीं, देवाला दिसलें होतें. श्रद्धा, आशा व प्रीति यांनींच बाप्तिस्मा निघण्यापूर्वीं हजारांहून अधिक वर्षें रिफिअसचा बाप्तिस्मा केला. मर्त्यांनो, निवाडा करण्याची घाई करूं नका, कारण देवाला प्रत्यक्ष पाहणाऱ्या आम्हांसहि त्यानें निवडलेले सर्वजण अजून ठाऊक नाहींत, असें गरुड शेवटीं कबूल करतो.

येथें दोन प्रकारचे टीकाकार आम्हांस भेटतात. एक म्हणतात, दान्ते हा थॉमस अक्वायनसचा पद्यानुवाद. दुसरे म्हणतात, तो छुपा बंडखोर. दोन्ही मतें आम्हांस चुकीचीं वाटतात. बंडखोर म्हणावा तर त्यानें सिद्धान्ताची एकहि वीट काढलेली नाहीं. रिफिअसलासुद्धां तो ख्रिस्तावरील श्रद्धेच्या दारानेंच आंत नेतो. पद्यानुवाद म्हणावा, तर ज्याचा कोणी धर्मशास्त्री विचारहि करीत नव्हता असा एक विस्मृत त्रोजन स्वर्गांत नेऊन बसविण्याची गरज कोणास होती? सिद्धान्त खरा आणि प्रश्नहि खरा, असें मानणाऱ्या प्रामाणिक मनाचें हें काव्य आहे. त्याचा पुरावा हा कीं, रिफिअस स्वर्गांत गेला, पण ज्याच्या लेखणीनें तो आपल्याला ठाऊक झाला तो व्हर्जिल लिंबोंतच राहिला. कवीला हें अंतर मिटवितां आलें असतें. आख्यायिका रचणें त्याच्या हातांत होतें. तें त्यानें मिटविलें नाहीं, आणि झांकलेंहि नाहीं.

पुढील इतिहासानें गरुडाच्या पहिल्या उत्तरापेक्षां दान्तेच्या प्रश्नाचीच बाजू अधिक उचलून धरली, असें दिसतें. १८५३ सालीं लंडनच्या किंग्ज कॉलेजांतील प्राध्यापक फ्रेडरिक डेनिसन मॉरिस यांनीं 'सार्वकालिक' म्हणजे न संपणारा काळ नव्हे असें प्रतिपादन केलें, व त्यांस आपली जागा गमवावी लागली. अकराच वर्षांनीं, १८६४ मध्यें, प्रिव्ही कौन्सिलनें निकाल दिला कीं, पाप्यांस शेवटीं क्षमा मिळेल अशी आशा बाळगणें हा इंग्लंडच्या चर्चमधील धर्मोपदेशकाचा गुन्हा नव्हे. १८७७ सालीं वेस्टमिन्स्टर ॲबेमध्यें फ्रेडरिक फरार यांनीं प्रवचनें दिलीं, तीं पुढील वर्षीं 'शाश्वत आशा' या अर्थाच्या नांवानें छापून निघालीं व मोठें वादळ उठलें. या फरारांचा जन्म १८३१ सालचा, आपल्या मुंबईंतला. रोमच्या चर्चनें नरकाची अनंतता आजहि सोडलेली नाहीं. १९९२ च्या धर्मप्रश्नोत्तरींत ती कायम आहे, व देवापासून वियोग हीच तेथील मुख्य शिक्षा सांगितली आहे. परंतु त्याच चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६४ सालीं असें जाहीर केलें कीं, स्वतःच्या दोषावांचून ज्यांना शुभवर्तमान कळलें नाहीं, पण जे सद्बुद्धीस अनुसरून वागतात, त्यांसहि तारण मिळूं शकतें. सिंधुतीरींच्या मनुष्याचा निकाल लागावयास दान्तेनंतर सहाशेंहून अधिक वर्षें लागलीं.

म्हणून वाचकांस आमची विनंती आहे कीं, त्यांनीं ३४ व्या सर्गापाशीं पुस्तक मिटूं नये. निदान शुद्धिलोकाचा ३० वा सर्ग तरी वाचावा. तेथें बिआत्रिचे येते. भांबावलेला दान्ते, घाबरलेलें मूल आईकडे वळावें तसा, व्हर्जिलकडे वळतो, आणि व्हर्जिल तेथें नसतो. निरोप न घेतां तो आपल्या आशाहीन वर्तुळाकडे परत गेलेला असतो. दान्ते रडूं लागतो. व्हर्जिल गेला म्हणून रडूं नको, असें बिआत्रिचे त्याला सांगते, आणि सबंध काव्यांत त्याचें नांव एकदांच येतें तें याच वेळीं, तिच्या तोंडीं. नरकांत करुणेबद्दल ज्यानें बोलणीं खाल्लीं त्या कवीनें स्वर्गाच्या उंबरठ्यावर हे अश्रु आपल्या नांवासह लिहून ठेविले आहेत, आणि पुढच्या ३३ सर्गांतील कोणत्याहि तेजानें ते पुसूं दिले नाहींत.