‘पनवेलला’ कोणती विभक्ती?

मागच्या पावसाळ्यात पनवेल स्टेशनवर, लोकलमध्ये, चहाच्या टपरीवर कानावर पडलेली वाक्यं मी वहीत उतरवत होतो. पुढे ती एक्सेलमध्ये भरली आणि एक रकाना केला : विभक्ती. तपासणीसाठी एका मित्रालाही तीच वाक्यं दिली. ‘मी पनवेलला जातो’ – त्याने लिहिलं द्वितीया, मी चतुर्थी. ‘मी पनवेलला राहतो’ – अर्थ बघितला तर सप्तमी, प्रत्यय बघितला तर परत तोच घोळ. महिनाभराचं काम अडकलं. दोष मित्राचा नव्हता, रकान्याचा होता.

आपण शाळेत घोकलेला आठ विभक्तींचा तक्ता संस्कृतच्या साच्यातला आहे. दादोबा पांडुरंगांनी 1836 साली ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ छापलं, तेव्हा हाताशी तोच साचा होता, हे समजून घेता येतं. मोरो केशव दामल्यांचा 1911 चा जाडजूड ग्रंथ मी आजही उदाहरणांसाठी उघडतो. पण संस्कृतात द्वितीया आणि चतुर्थीची रूपं वेगळी असतात. मराठीत दोन्हीकडे स, ला, ते. एकाच प्रत्ययाला दोन घरं दिली की ओळखायचं कशावरून? अर्थावरून. मग ती विभक्ती राहत नाही, कारक होतं. पाणिनीने या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या होत्या. त्याच्या नावाने तक्ता चालवणाऱ्यांनी त्या एकत्र केल्या, हे मला जास्त खटकतं.

याच सुमारास मी हंगेरियनचं व्याकरण वाचत होतो. ‘हाझ’ म्हणजे घर. ‘हाझबॉन’ घरात (आहे), ‘हाझबॉ’ घरात (गेला), ‘हाझबोल’ घरातून. पृष्ठभागासाठी असेच तीन प्रत्यय, जवळपणासाठी आणखी तीन. कुठे, कुठवर, कुठून : तीन गुणिले तीन. हा चौकोन मराठीवर ठेवून बघा. घरात–घरातून, टेबलावर–टेबलावरून, घराजवळ–घराजवळून. आपण ‘असणं’ आणि ‘जाणं’ यांना एकच रूप देतो, ‘निघणं’ मात्र ‘ऊन’ लावून वेगळं काढतो. शाळेच्या तक्त्यात यातलं ‘त’ सप्तमीत जातं, ‘ऊन’ पंचमीत आणि ‘वर’ थेट शब्दयोगी अव्ययांत. एवढी सुबक रचना तीन प्रकरणांत विखुरली, तर ती दिसणार कशी?

(गंमत म्हणजे हंगेरियन लोकही बोलताना पुष्कळदा ‘बॉन’मधला ‘न’ गिळतात आणि आपल्यासारखंच एकाच रूपावर भागवतात.)

पण हंगेरियनचा तक्ता उचलून इथे चिकटवला तर आपणही दादोबांच्याच वाटेने गेलो. तिथे मुख्यतः प्रत्यय शब्दाच्या स्वराप्रमाणे बदलतो : ‘हाझबॉन’, पण बागेला ‘केर्टबेन’. आपल्याकडे उलट, प्रत्यय तसाच राहतो आणि शब्द वाकतो : रस्ता–रस्त्यात, शाळा–शाळेत. हंगेरियनमध्येही शब्द थोडा बदलतो कधीकधी, पण सामान्यरूपासारखी सर्वव्यापी यंत्रणा तिथे नाही. मराठीचा तक्ता खरं तर तिथूनच सुरू व्हायला हवा.

आणि गावांची नावं! हंगेरियनमध्ये बुडापेश्टला ‘वर’चा प्रत्यय लागतो, डेब्रेत्सेनला ‘आत’चा. अर्थावरून हे सांगता येत नाही, त्या त्या नावाची ती खोड असते. आपणही ‘पुण्यात’, ‘मुंबईत’ सहज म्हणतो, पण ‘पनवेलात’ म्हटलं की जीभ अडखळते. तिथे ‘पनवेलला’ किंवा ‘पनवेलमध्ये’. ही माहिती कुठल्याच विभक्तीच्या रकान्यात बसत नव्हती, म्हणून मी ती महिनाभर फेकून देत होतो.

आता एक्सेलमध्ये तीन रकाने आहेत : प्रत्यय जसा ऐकला तसा, सामान्यरूप झालं की नाही, आणि वाक्यातलं काम. ‘पनवेलला हा पूल हवाच’ हे वाक्य पहिल्या दोन रकान्यांत गुपचूप बसलं. तिसऱ्यावर मित्राशी अजून वाद चालू आहे.